जे हलत नाही, त्याला वायर

गेल्या अंकात मी सहज लिहून बसले, की टीव्हीवर सिनेमा अडकत असेल तर कळवा. कळवलंत! पासवर्ड विसरलेल्यांचीही कधी एवढी पत्रं आली नव्हती. गंमत म्हणजे बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच वाक्य आहे : ‘फोनवर मात्र नेट मस्त चालतं.’ पत्रं थोडी कापून छापतेय. नावं गाळली आहेत, कारण दोघातिघांनी घरच्यांबद्दल जरा मोकळेपणानं लिहिलंय.

ताई, आमचं १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. राउटर बाहेरच्या दाराजवळ, टीव्ही अगदी आतल्या खोलीत. टीव्हीच्या मागे स्ट्रीमिंग स्टिक लावली आहे. सिनेमा लावला की दहा-पंधरा मिनिटांत चक्र फिरायला लागतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. राउटरपाशी उभं राहून फोनवर ९४ चा आकडा दाखवतो आणि म्हणतो, आमच्याकडून बरोबर येतंय. आता म्हणतोय २०० चा प्लॅन घ्या. घेऊ का?

नका घेऊ. तो माणूस खोटं बोलत नाहीये, पण तो दारात उभा राहून बोलतोय आणि सिनेमा काही तुम्ही दारात बसून बघत नाही.

आधी हिशेब करू. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट माहिती येते त्याचं माप.) फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५, असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. यूट्यूब फोर-केसाठी २० धरतं. म्हणजे तुमच्या १०० मध्ये चार-पाच टीव्हींवर एकाच वेळी फोर-के चालायला हवं. तुमच्याकडे एका टीव्हीवर एक सिनेमा धड चालत नाही. दारापर्यंत आलेले १०० आत जाता जाता कुठे सांडतात ते शोधायचं. दारात २०० आणून ओतले तरी सांडायची जागा तीच राहणार.

मोजायचं टीव्हीपाशी आणि स्टिकवरच. बहुतेक स्टिकवर स्पीड टेस्टचं अ‍ॅप घालता येतं, नाहीतर ब्राउझर असतो. सकाळी एकदा, रात्री एकदा आणि चक्र फिरत असताना एकदा मोजून तिन्ही आकडे कागदावर लिहा. फोनवरचा आकडा इथे कामाचा नाही. फोन तुमच्या हातात, मोकळ्यावर असतो, तुम्ही नकळत दोन पावलं सरकता, तो वळवता. वायफाय कच्चं झालं की कित्येक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. स्टिक बिचारी टीव्हीच्या पाठीला चिकटून, भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. तिला कुणी दोन पावलं सरकवत नाही.

आता माझीच फजिती सांगते. पंचवीस वर्षं मी इमारतींमध्ये नेटवर्कच्या वायरी ओढल्या, आणि माझ्या घरचा टीव्ही दोन वर्षं अडकत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी कागद घेऊन बसले. राउटरपाशी ९२, बोळात ६०, टीव्हीपाशी ७. बोळ ते टीव्ही हे अंतर जेमतेम चार मीटर! मधे काय होतं? कपडे ठेवायचं कपाट, आणि त्याच्या दाराला उभा, पुरुषभर उंचीचा आरसा. आरशाच्या काचेमागे धातूचा पातळ लेप असतो. आपला चेहरा जो परत पाठवतो, तोच लेप वायफायच्या लहरीही परत पाठवतो. राउटर दीड मीटर डावीकडे सरकवला, लहर आरशाला वळसा घालून जाऊ लागली आणि टीव्हीपाशी ३८ आले. खर्च शून्य. दोन वर्षांची चिडचिड मात्र भरून आली नाही.

राउटर कुठे ठेवायचा याचं एवढंच तत्त्व : तो आणि टीव्ही यांच्यामध्ये डोळ्यांनी सरळ रेघ ओढा आणि त्या रेघेवर काय काय येतं ते मोजा. साधी लाकडी फळी फार त्रास देत नाही. विटांची भिंत देते, सळया घातलेली काँक्रीटची भिंत त्याहून जास्त. आरसा, धातूचं कपाट, फ्रिज, माशांची काचपेटी हे सगळे मातब्बर अडथळेच (पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पिऊन टाकतं). भिंत तिरकी लागली तर लहरीला तिच्यातून जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून शक्यतो समोरासमोर. राउटर जमिनीवर नको, टीव्हीच्या मागे नको आणि शोभेच्या बंद खणात तर मुळीच नको. छातीच्या उंचीवर, मोकळा. दिसायला वाईट दिसतो, मान्य आहे.

अँटेना टीव्हीकडे बंदुकीसारखी रोखून ठेवणारे बरेच भेटतात. दांडीसारखी अँटेना टोकातून जवळजवळ काहीच सोडत नाही. ती चहूबाजूंना, आडवी पसरते, दांडी मधोमध आणि भोवती फुगवलेली ट्यूब असावी तशी. एकाच मजल्यावरच्या टीव्हीसाठी अँटेना उभी ठेवा. टीव्ही वरच्या मजल्यावर असेल तर दोनातली एक आडवी करा.

नेमकं मोजायचं असेल तर अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप घ्या. (इथे फोन चालेल, कारण आपण नेट मोजत नाही, जागा मोजतोय. फोन अगदी टीव्हीच्या मागे धरा.) त्यात उणे आकडे दिसतात, डीबीएम. शून्याच्या जितके जवळ तितकं बरं. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निवांत चालतो, उणे ८० ला नुसतं नाव दिसतं. दर १० आकड्यांमागे ताकद दहापट घटते, म्हणून उणे ५० आणि उणे ७० मधला फरक दिसायला २० चा असला तरी प्रत्यक्षात शंभरपट असतो. माझ्या आरशाने उणे ६१ चे उणे ७४ करून ठेवले होते.

राउटर हलवूनही आकडा सुधारला नाही तर स्टिककडे वळा. टीव्हीची पाठ म्हणजे पत्रा आणि सर्किटं, आणि ती नेमकी स्टिक आणि राउटर यांच्यामध्ये. एचडीएमआयची, म्हणजे स्टिक टीव्हीत जिथे खोचता त्या पोर्टाची, वीतभर एक्स्टेन्शन वायर मिळते, पुष्कळदा स्टिकच्या खोक्यातच पडलेली असते आणि कुणी ती काढत नाही. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर डोकावू द्या. आणि स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो, स्टिकला जोर लावायची वेळ आली की ती गुदमरते, अडकते, कधी स्वतःहून रीस्टार्ट होते, आणि शिव्या वायफायला बसतात. तिचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावा.

हे सगळं करून टीव्हीपाशी २५ च्या वर आकडा स्थिर राहिला तर तुमचं काम झालं. नाही राहिला, तर वायर. त्याबद्दल शेवटच्या पत्रात.

राउटरवर दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक ‘५जी’ लागलेलं. माझ्या फोनात ५जी नाही, तर ते वापरायचं का?

त्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. मोबाइलमध्ये ‘जी’ म्हणजे पिढी, इथे गिगाहर्ट्झ. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो : २.४ आणि ५. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ती भिंतीतून बरी जाते पण तिच्यावर गर्दी फार. ५ ची लहर पाच-सहा सेंटिमीटरची, दोन भिंतींत दमते, पण जोवर पोचते तोवर वेग भरपूर आणि गर्दी कमी. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मधे एकच भिंत असेल तर ५ घ्या. तीन भिंती असतील तर दोन्ही लावून मोजा, जो आकडा जास्त तो खरा. तेवढी मोजणी झाली की टीव्हीतून दुसरं नाव ‘विसरा’ करून टाका. नाहीतर तो मधेच हळू पट्टीवर उडी मारतो आणि तिथेच बसून राहतो.

माझ्या टीव्हीला ‘५’ वालं नाव दिसतच नाही. फोनला दिसतं. टीव्ही दोन वर्षांचाच आहे.

दोन शक्यता. काही स्वस्त टीव्हींत आणि स्टिकमध्ये ५ ची पट्टीच नसते. खोक्यावर नुसतं ‘बी/जी/एन’ लिहिलं असेल आणि ‘एसी’ किंवा ‘एएक्स’ नसेल तर बहुधा तेच. दुसरी शक्यता जास्त गंमतीची आहे. प्रत्येक पट्टीचे क्रमांक दिलेले भाग असतात, त्यांना चॅनल म्हणतात. ५ च्या पट्टीतले ५२ ते १४४ हे चॅनल रडारही वापरतात. तिथे बोलण्याआधी राउटरला किमान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं आणि रडार ऐकू आलं तर जागा सोडावी लागते. ही कटकट नको म्हणून काही टीव्ही त्या चॅनलांकडे बघतच नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ चा चॅनल ‘ऑटो’वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ करा. नाव दिसायला लागलं तर मला कळवा, मी अशांची यादी ठेवते.

टीव्हीसाठी वायफाय पुढे पोचवणारा एक्स्टेंडर आणला. टीव्हीच्या शेजारच्याच प्लगमध्ये लावलाय. आता टीव्हीवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी सिनेमा आधीपेक्षा जास्त अडकतो. हे कसं?

कारण त्या रेघा टीव्ही ते एक्स्टेंडर या एका हाताच्या अंतराच्या आहेत. एक्स्टेंडरला राउटर कितपत ऐकू येतो ते टीव्हीला कळत नाही. ज्या कोपऱ्यात टीव्हीला ऐकू येत नव्हतं, त्याच कोपऱ्यात तुम्ही दुसरा ऐकणारा बसवलात. तोही तेच अर्धवट ऐकतो आणि मोठ्यानं ओरडून पुढे सांगतो.

शिवाय एकाच पट्टीवर चालणारा एक्स्टेंडर एक गोष्ट दोनदा बोलतो : राउटरकडून घेताना एकदा, टीव्हीला देताना एकदा. हवा एकच, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तो टीव्हीपाशून काढा आणि वाटेत मध्यावर, जिथे फोनवर उणे ६० ते ६५ दिसेल तिथे लावा. दोन पट्ट्यांचा असेल तर राउटरकडे ५ आणि टीव्हीकडे २.४ असं जमतंय का बघा, म्हणजे घेणं आणि देणं वेगवेगळ्या हवेत होईल.

स्पष्टच सांगते, मला एक्स्टेंडर आवडत नाहीत. मेश म्हणून जे दोन-तीन डब्यांचे संच मिळतात ते जास्त शहाणे असतात, पण तेही बिनवायरचे असले तर हवेतूनच निरोप देतात, आणि एक डबा कोपऱ्यात कोंबला की तोही एक्स्टेंडरच होतो. त्यांची मजा मुख्य डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत वायर गेली तरच.

त्यापेक्षा घरात जुना राउटर धूळ खात पडलाय का पाहा. असेल तर असं करा. जुन्याला लॅपटॉप जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय, बंद करा, नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोघं होतील आणि कुणालाच काही कळणार नाही. नवा राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्याचाच, चॅनल मात्र वेगळा. मग नव्याच्या लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं वायरीने जोडायचं भोक) निघालेली वायर जुन्याच्या लॅन पोर्टात. वेगळ्या रंगाचा जो वॅन पोर्ट असतो, बाहेरून नेट आत घेणारा, त्याला हात लावू नका, निम्मे लोक तिथेच चुकतात. झाला तुमचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून नेट घेऊन वायफाय देणारा दुसरा डबा, आणि वेग निम्मा होत नाही.

दिवसभर छान चालतं, रात्री नऊच्या सुमाराला रडायला लागतं. शेजारच्यांमुळे का? फोनवर पाहिलं तर आजूबाजूला एकवीस वायफाय दिसतात. १, ६, ११ हे चॅनल भरलेले होते म्हणून मी ३ वर जाऊन बसलो, तिथे कुणीच नव्हतं. आता तर जास्तच वाईट.

आधी चोर घरातला की बाहेरचा ते ठरवा. रात्री नऊलाच लॅपटॉप राउटरला वायरने जोडा आणि वायफाय बंद करून मोजा. वायरवरही आकडा कोसळला असेल तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे. तीन-चार रात्रींचे आकडे, वेळ घालून, त्यांना पाठवा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला कुणी विचारत नाही, ‘९ वाजून १० मिनिटांनी वायरवर १०० पैकी ११’ याला उत्तर द्यावं लागतं. वायरवर ठणठणीत आणि हवेत लंगडं असेल तर मग शेजारी.

आणि ३ वर का जाऊ नये ते सांगते. २.४ मधले चॅनल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आखलेत, पण प्रत्येक वायफाय साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद जागा घेऊन बसतो. म्हणजे ३ वर बसलेला माणूस १ आणि ६ दोघांच्याही मांडीवर. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि पाळीपाळीनं बोलतात, हळू का होईना पण रांग असते. ३ वरच्याचं बोलणं १ वाल्यांना नीट कळत नाही, त्यांना तो नुसता गोंगाट वाटतो, आणि तुम्हाला ते दोन्ही बाजूंचे गोंगाट वाटतात. रिकाम्या खुर्चीवर बसलात खरे, पण ती दोन भांडणांच्या मधली निघाली. १, ६ किंवा ११ पैकी जिथे जवळचे, म्हणजे जोरदार दिसणारे राउटर कमी असतील तिथे जा. रुंदी २० वर ठेवा, २.४ मध्ये ४० करून काहीही मिळत नाही. एकवीस शेजारी असताना टीव्ही ५ वर नेता आला तर हा सगळा खटाटोपच वाचेल.

मी रोज रात्री मालिका बघते. मुलगा ऑफिसमधून घरात शिरला की पाच मिनिटांत टीव्ही अडकतो. तो म्हणतो, आई, मी फोनला हात पण लावलेला नाही. मी त्याच्यावर उगाच संशय घेते का?

संशय बरोबर आहे, मुलगाही खरं बोलतोय. हात त्याच्या फोननं स्वतः लावलेला असतो. घरचं वायफाय मिळालं की फोन दिवसभरातले फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतो. आपण सगळे खाली येणाऱ्या वेगाकडे बघतो, पण कित्येक कनेक्शनवर वर जाणारा वेग त्याच्या एक-दशांशही नसतो. तो रस्ता फोटोंनी भरला की टीव्हीची छोटी छोटी उत्तरं, ‘हा तुकडा मिळाला, पुढचा पाठव’ अशी, त्याच रांगेत अडकतात. उत्तर पोचत नाही म्हणून पुढचा तुकडा येत नाही. राउटरला वाटतं आपण काही सांडू नये, म्हणून तो भली मोठी रांग सांभाळून ठेवतो, आणि त्या सांभाळण्यातच सगळा उशीर. जिम गेटिस या अभियंत्यानं २०१० च्या अखेरीस या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं.

पटवून घ्यायचं असेल तर मुलगा आला की त्याचा फोन विमान मोडवर टाकायला लावा. मालिका सरळ झाली तर चोर सापडला. उपाय दोन. काही फोनांत फोटो-बॅकअप ‘चार्जिंगला असतानाच’ करता येतं, म्हणजे ते मध्यरात्री होईल. किंवा मुलाला राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस अथवा एसक्यूएम (ही रांग आवरणाऱ्या सोयी) शोधायला सांगा, आणि मोजून आलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर वर-खाली दोन्ही मर्यादा घालायला लावा. वेग मुद्दाम कमी करून टीव्ही सुरळीत होतो हे त्याला पटणार नाही. करून बघ म्हणावं.

सिनेमा कधीच अडकत नाही, पण मॅच लाइव्ह लावली की अडकते. दोन्ही एकाच अ‍ॅपवर. अ‍ॅपची चूक?

बहुधा नाही. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. सिनेमा आधीच पूर्ण तयार असतो, त्यामुळे टीव्ही पुढचे अनेक तुकडे आणून साठवतो. मधे अर्धा मिनिट नेट गचकलं तरी तुम्हाला कळत नाही. मॅचचा पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, साठवणार कुठून? त्यामुळे जे गचके सिनेमात लपतात ते मॅचमध्ये उघडे पडतात. तुमचं वायफाय सिनेमालाही गचकतंय, हे तुम्हाला मॅचनं सांगितलं. वरच्या पहिल्या पत्रातली मोजणी करा.

माझ्याकडे काहीच अडकत नाही. टीव्हीपाशी ७० एमबीपीएस येतात. तरी चित्र पुसट, धुरकट. फोर-के टीव्ही घेऊन पस्तावलो.

मग वायफायला सोडा. आधी अ‍ॅपमध्ये ‘डेटा वाचवा’ चालू नाही ना, आणि तुमचा प्लॅन फोर-केचा आहे ना, ते बघा. मग एचडीएमआयचं पोर्ट : फोर-केसाठी त्याला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) लागतं आणि काही टीव्हींत ते एकाच पोर्टाला असतं. शेवटी टीव्हीला जोडलेला डबा. अँड्रॉइडच्या काही स्वस्त डब्यांना वाइडवाइन या चोरी रोखणाऱ्या व्यवस्थेचा वरचा, एल-१ परवाना नसतो, खालच्या एल-३ वर भागवलेलं असतं. अशा डब्याला बऱ्याच सेवा चोरीच्या भीतीनं एचडी देतच नाहीत, मग ७० काय आणि ७०० काय. टीव्हीतलंच अ‍ॅप उघडून पाहा. तिथे चित्र लख्ख आलं तर डबा बदला.

राउटरमागे अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल लावली तर वेग वाढतो म्हणतात.

वाढत नाही, वळतो. फॉइल मागे जाणारी लहर पुढे परतवते, ज्या खोलीला तुम्ही पाठ फिरवली तिथला वाटा जातो. राउटर बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल आणि मागे कुणीच राहत नसेल तर हरकत नाही. पण तो तिथून काढून मध्यावर आणणं जास्त सोपं.

मायक्रोवेव्ह चालू केला की टीव्ही अडकतो. खरंच की मला भास होतो?

खरंच. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि दाराच्या फटीतून जरासं गळतं. ते जरासं राउटरच्या आवाजापुढे भरपूर असतं. टीव्ही ५ वर न्या. जाता जाता : राउटरला किंवा टीव्हीला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चिकटून ठेवली असेल तर तीही २.४ मध्ये गोंगाट करते. इंटेलनंच २०१२ मध्ये हे मोजून छापलं होतं. हातभर लांब ठेवा.

मी एकटी राहते. वय ७६. मुलगी फोनवर सांगते, आई सेटिंगमध्ये जा. मला सेटिंगमध्ये जायचं नाही. न जाता काही होतं का?

होतं, आजी. राउटर कपाटातून बाहेर काढून उंच आणि मोकळा ठेवा. टीव्ही आणि राउटर दोन्हींचे प्लग काढा, मिनिटभर थांबा, आधी राउटर लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की टीव्ही. आणि रिमोटनं टीव्ही बंद केला म्हणजे तो बंद होत नाही, डुलकी घेतो. महिनोन् महिने डुलक्या घेतल्यावर त्याची स्मृती भरते आणि अ‍ॅप जड होतात, म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढायचाच. एवढं करूनही अडकलं तर मुलीला सांगा, पुढच्या खेपेला येताना बरोबर वायर घेऊन ये. वायरीला सेटिंग नसतं.

वायर ओढायला घरात सगळ्यांचा विरोध. भिंत फोडायची नाही, वायर दिसायची नाही, आणि टीव्ही तर चालायला हवा. बारा मीटरचं अंतर आहे. शिवाय कुणी म्हणतं टीव्हीचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, मग उपयोग काय?

पुष्कळ टीव्हींचा पोर्ट १०० चाच असतो, हे खरंय. प्रत्यक्षात त्यातून ९४ मिळतात. पण सर्वांत जड फोर-केलाही २०-२५ पुरतात, आणि वायरीवरचे ९४ रात्री नऊलाही ९४ असतात, मायक्रोवेव्ह चालू असतानाही ९४ असतात. आमच्या धंद्यात नियम होता : जे हलत नाही त्याला वायर, जे हलतं त्याला हवा. टीव्ही हवेतून उतरला की फोनांनाही जागा मोकळी होते. स्टिकला लॅन पोर्ट नसतो, पण बहुतेकांना जोडायचा छोटा अ‍ॅडॅप्टर वेगळा मिळतो.

भिंत फोडायला लागत नाही. दाराच्या चौकटीच्या कडेनं आणि भिंतीच्या तळाच्या पट्टीवरून वायर नेली की आठवड्यात घरच्यांना ती दिसेनाशी होते. चपटी वायर मिळते, गालिच्याखालून जाते. एवढ्या अंतराला ती चालते, पण दारात चिरडणार नाही एवढं बघा. ‘कॅट ५ई’ प्रकारची नेटवर्कची वायर पुरे, ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, तुमचे बारा तिला काहीच नाहीत. विकत घेताना शुद्ध तांब्याची मागा. अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए वायर स्वस्त असते, पण ठिसूळ. दोनदा वाकली की आतून तुटते आणि बाहेरून नवीकोरी दिसते. अशा एका वायरीमागे माझा एक अख्खा दिवस गेलाय. विजेच्या वायरीच्या पाइपमध्ये ती घालू नका.

तयार टोकांची वायर घेतली तर उत्तम. पण दाराखालून किंवा छोट्या भोकातून टोक जात नसेल तर एका बाजूला स्वतः कनेक्टर दाबावा लागतो. रंगांचा क्रम मला झोपेतही म्हणता येतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिटी खाली, सोनेरी दात वर, आणि डावीकडून हा क्रम. दोन्ही टोकांना तोच. चौथा आणि सहावा लोकांचा चुकतो, कारण हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी शिरते. दाबण्याआधी आठही तारा कनेक्टरच्या पुढच्या टोकाला टेकल्या का ते उजेडात धरून बघा.

टीव्हीत वायफाय बंद करून वायर जोडा, स्पीड टेस्ट करा. ९० च्या पुढे गेलं की संपलं. आणि ओढताना बारा नका घेऊ, चौदा घ्या. दोन्ही टोकांना एकेक मीटर गुंडाळून ठेवा, कारण टीव्हीही कधी ना कधी हलवला जातोच.